वजनाचं उद्यापन

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत सध्या वजन घटवणाऱ्यांचे पाच पंथ आहेत आणि गच्चीच्या गळतीवरून होत नाहीत तेवढी भांडणं त्यांच्यात होतात. बी विंगमध्ये दीक्षित, सी विंगमध्ये दिवेकर. पहिले दिवसातून दोनदाच खातात, दुसरे दर दोन तासांनी. दोनचा आकडा तेवढा समान असल्यामुळे लिफ्टमध्ये अजून मारामारी झालेली नाही. तिसरा पंथ आयटीतल्या मुलांचा, कीटोवाल्यांचा. त्यांना भाताचं शीत दिसलं तरी घाम फुटतो. चौथा सोळा-आठवाल्यांचा, ज्यांना भूक लागली की नाही हे मोबाइलमधलं ॲप सांगतं. पाचवा पंथ नवा आणि अबोल आहे. ते आठवड्यातून एकदा पोटात सुई टोचून घेतात आणि कोणी विचारलं तर म्हणतात, "काही नाही हो, चालायला लागलोय."

मूळ मंडळी सज्जन आहेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेला. कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदा जेवायचं, आणि बसलात की 55 मिनिटांत उठायचं. शिवाय 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. ऋजुता दिवेकरांनी सांगितलं, भाताला आणि तुपाला घाबरू नका, आजी खायची ते खा, थोडं थोडं खा. पाळणाऱ्यांना दोन्हीकडे गुण आलेला आम्ही पाहिला आहे. भांडण लावलं ते न पाळणाऱ्यांनी. दीक्षित की दिवेकर या विषयावर आमच्याकडे सर्वांत तावातावाने बोलणारे गृहस्थ गेली काही वर्षं दोन्ही करतात. दोन भरपेट जेवणं दीक्षितांची, आणि मधलं दर दोन तासांचं दिवेकरांचं.

या 55 मिनिटांचा खरा कस लागतो लग्नात. गेल्या वैशाखात कल्याणच्या एका कार्यालयात बी विंगचे एक काका पहिल्या पंगतीला आमच्या शेजारी बसले होते. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांनी मनगटावरच्या घड्याळात वेळ लावली. साधं वरण, भात, वर तुपाची धार. इथवर सगळं वेळापत्रकाप्रमाणे. मग नवरा-नवरीने घास भरवायचं ठरलं. नाव घ्या, नाव घ्या म्हणून आरडाओरडा झाला. नवरीने नाव घेतलं, ते ऐकू आलं नाही म्हणून माइक मागवला, माइक सुरू झाला नाही म्हणून नवऱ्याच्या मामांनी वायर हलवली. काकांच्या पानात मसालेभात थांबलेला. फोटोवाल्याने तोच घास पुन्हा भरवायला लावला. तोवर चाळीस मिनिटं गेली. मठ्ठा आला, अळूची भाजी दुसऱ्यांदा आली, आणि मग जिलबीचं ताट घेऊन वधूपिता स्वतः पंगतीत उतरले. गोड वर्ज्य असल्याचं काकांनी आम्हाला सकाळपासून चार वेळा सांगितलं होतं. वधूपिता म्हणाले, "अहो, निदान मुलीच्या लग्नात तरी!" काकांनी मान हलवली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "बरं, पण लवकर वाढा. तीनच मिनिटं राहिलीत."

काकांनी वेळ कुठेच मोडली नाही, हे लक्षात घ्या. नियम अक्षरशः पाळला. आपल्याला नियम पाळण्याची सवय हजार वर्षांची आहे. अडचण वेगळीच आहे. व्रत कसं करावं हे आपल्याला जन्मतः कळतं. संकल्प सोडायचा, शेजारणीला सांगायचं, सोळा सोमवार कडक करायचे आणि सतराव्या सोमवारी चुरम्याचा नैवेद्य दाखवून मोकळं व्हायचं. डाएटही आपण तसंच करतो. कोणी भाचीच्या लग्नापर्यंत करतं, कोणी शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर होईपर्यंत, बहुतेक पुरुष साखरेचा रिपोर्ट नॉर्मल येईपर्यंत. रिपोर्ट नॉर्मल आला की त्याच संध्याकाळी फडके रोडवर उद्यापन. म्हणून आमच्याकडे "कुठलं करताय?" असं सगळे विचारतात. "कुठवर करणार?" असं विचारणं अशुभ मानतात.

उपवासाचंही बघा ना. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण ज्याने केली त्याच्या घरी साबुदाण्याची खिचडी नक्की व्हायची. तमिळनाडूतल्या सेलमकडे कसाव्याच्या कंदातून काढलेला हा जवळजवळ शुद्ध स्टार्च. त्यात आपण बटाटा घालतो, म्हणजे एकटं वाटू नये. मग मूठमूठ दाण्याचं कूट, तूप, वर खोबरं, बाजूला दही, आणि दुपारी भूक लागलीच तर वेफर्स. कीटो करणाऱ्या एका मुलाची आजी त्याला आषाढीला ही बशी देऊन म्हणाली, "घे रे, ही उपवासाची आहे, हिने काही होत नाही." पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. भक्तीमुळे नसावं.

आता शास्त्राकडे वळू, कारण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सहाला शास्त्रच येतं. 2018 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या ख्रिस्टोफर गार्डनर यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी 609 माणसांचे दोन गट केले होते. एकाला स्निग्ध कमी, दुसऱ्याला पिष्ट कमी. वर्षभराने दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच-सहा किलोंनी उतरलं होतं आणि दोघांत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. मात्र एकाच गटात काहींनी 20 किलोंहून जास्त उतरवलं आणि काहींनी उलट कमावलं. त्याआधी 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मायकेल डॅन्सिंगर यांनी 160 जणांना चार नामांकित डाएट वाटून दिली होती. त्यातली कडक डाएट ज्यांच्या वाट्याला आली, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी ती वर्षभरात सोडून दिली. वजन कोणाचं उतरलं? कुठलं डाएट होतं याच्याशी त्याचा फारसा संबंध निघाला नाही. ज्याने नेमाने पाळलं त्याचं उतरलं. हा निष्कर्ष आम्ही ग्रुपवर टाकला. दोन्ही विंगनी अंगठा वर केला आणि दोघांनीही "आम्ही हेच म्हणत होतो" असं लिहून पुन्हा भांडायला सुरुवात केली.

उद्यापनवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे, ती ग्रुपवर कोणी टाकत नाही. अमेरिकेत 'द बिगेस्ट लूझर' नावाचा टीव्हीवरचा वजन घटवण्याचा जंगी सामना होता. केव्हिन हॉल यांनी त्यातल्या 14 स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेच्या 30 आठवड्यांत प्रत्येकाने सरासरी 58 किलो उतरवले होते. त्यातले 41 परत आले होते. वर शरीर एवढं सावध झालं होतं, की त्या वजनाच्या माणसाने बसल्या जागी जेवढं जाळावं त्यापेक्षा ते रोज सुमारे 500 कॅलरी कमीच जाळत होतं. आपल्या हिशेबात तुपाची धार घातलेल्या दोनेक पुरणपोळ्या. म्हणजे टीव्हीवर जिंकलेल्या माणसाने पुढची सहा वर्षं रोज होळी आहे असं समजून पोळीला नाही म्हणायचं. आणि बक्षीस पहिल्याच वर्षी संपलेलं.

सोळा-आठवाल्यांची गंमत निराळी. दुपारी बारा ते रात्री आठ खायचं, उरलेले सोळा तास पाणी. कागदावर सोपं. पण ज्याला सकाळची जलद लोकल पकडायची आहे आणि रात्री साडेनऊला घरी पोचायचं आहे, त्याचं आठ वाजताचं जेवण कुर्ल्याच्या पुलावर उभ्याने व्हायला हवं. त्यात महिन्यातून एकदा संकष्टी येते. सी विंगच्या वहिनींनी चतुर्थी धरलेली, वर ॲपही धरलेलं. चंद्रोदय नऊनंतर आणि ॲपची खिडकी आठला बंद. गणपतीला मोदक दाखवून त्या ताटावर बसल्या तेव्हा फोनने "तुमचा उपवास सुरू आहे, शाब्बास!" असा निरोप पाठवला. उपवास सोडताना उपवास सुरू झाल्याबद्दल शाबासकी मिळणाऱ्या त्या बहुधा पहिल्याच. पुढच्या चतुर्थीला त्यांनी एकाला रजा दिली. गणपतीला देणं शक्य नव्हतं.

सुईवाल्यांना आम्ही हसत नाही. मधुमेह, गुडघे, झोपेत श्वास अडकणं यांनी गांजलेल्या माणसाला डॉक्टरने विचार करून दिलेलं औषध ते औषधच. 2025 च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी आपल्याकडे आलं, आणि महिनाभरात डोंबिवलीत "कोणाकडून मिळेल?" हा प्रश्न "फ्लॅट किती चौरस फुटांचा?" इतकाच सहज झाला. पण ज्यांना ते चार महिन्यांचं व्रत वाटतं त्यांच्यासाठी एवढंच, की वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडची चाचणी घेणाऱ्यांनी औषध थांबवून वर्षभर वाट बघितली तेव्हा गेलेल्या वजनातलं दोन तृतीयांश घरी परत आलं होतं. भूक रजेवर गेली होती, राजीनामा दिलेला नव्हता.

तेव्हा आमची सूचना अशी की, कुठलंही डाएट घेण्याआधी ते भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारावं. जानेवारीत तिळगूळ आणि हुरडा. मग होळीची पोळी, पाडव्याचं श्रीखंड. एप्रिलमध्ये हापूस येतो तो जूनपर्यंत हलत नाही. पाऊस पडला की कांदाभजी, मग श्रावण, मग गणपती, पितृपक्षात खीर-वडे, कोजागिरीला मसाला दूध, दिवाळीचा फराळ, आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं. मधे मोकळा आठवडा शोधणाऱ्यांनी गुगलवर शोधावा. या बारा महिन्यांत जे डाएट पहिल्याच सणाला कोलमडतं, त्याच्या भरवशावर जिमची वर्षभराची फी भरणं म्हणजे भाड्याच्या घरात संगमरवर बसवणं. त्यापेक्षा दिवाळीत चार चकल्या खाऊनही भाऊबीजेनंतर ज्यावर परत येता येतं, असं काहीतरी बेतशीर धरावं. ते कंटाळवाणं असतं. त्याला नाव नसतं. ते सांगून ग्रुपवर टाळ्या मिळत नाहीत, हा त्याचा खरा दोष.

जाता जाता काट्याबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा जोडफोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9 टक्के आणि याज्ञिकांची 21. म्हणजे सडपातळ दिसणारा मराठी माणूस आतून श्रीमंत असू शकतो. त्याने काट्यापेक्षा कंबर मोजावी. पुरुषांनी 90 सेंटीमीटरच्या आणि बायकांनी 80 च्या आत राहावं, असं आपल्याकडचे डॉक्टर सांगतात. आमच्या पिढीचा घात काट्याने केला नाही, नाडीच्या पायजम्याने केला. बटणाची पँट दर दिवाळीला खरं बोलते. नाडीने जन्मात कोणाला दुखावलेलं नाही.

हे सगळं झालं डाएट करणाऱ्यांचं. ते रांधणारीकडे अजून कोणी गेलेलं नाही. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात संध्याकाळी सात वाजता चार शेगड्या चालू असतात. एकीवर नवऱ्याचं दीक्षितांचं दुसरं जेवण, जे पावणेआठला मांडलंच पाहिजे. दुसरीवर मुलाचं कीटो, लोण्यात परतलेलं पनीर. तिसरीवर सासूबाईंची वरई, कारण गुरुवार. चौथीवर मुलीचा पास्ता, कारण ती अजून लहान आहे आणि तिला डाएटचं वय यायचं आहे. सगळ्यांची पानं वाढून झाली की वहिनी ओट्याशी उभ्याने मुलाने वगळलेली पोळी, सासूबाईंना जड झालेली अर्धी वाटी वरई आणि टाकवत नाही म्हणून पास्ता खातात. घरातल्या चार डाएटांची बेरीज एकाच अंगावर चढते आणि त्या अंगाला विचारलं जातं, "वहिनी, तुम्ही काही करत नाही का?"

परवा नवरोबांनी जाहीर केलं, की आता पुरे झाले हे प्रयोग. रोज रात्री ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वाटीभर डाळ, जेवणानंतर अर्धा तास फेरी, आणि हे कायमचं. आवाजात निश्चय होता. वहिनींनी कणकेचा हात धुतला, पिशवी काढली आणि विचारलं, "मग दहा किलो दळून आणू? फार दिवस ठेवलं तर पिठाची विरी जाते, भाकरी थापताना तुटते. पण कायमचंच असेल तर संपेलच."

नवरोबांनी थोडा विचार केला.

"आधी एक किलो आण," ते म्हणाले, "आणि बाकीची ज्वारी तशीच राहू दे. पुढच्या शनिवारी ऑफिसातल्या एका मुलाचं लग्न आहे."