कुरकुरीचे दोन अमेरिकी नमुने

बोस्टनच्या भुयारी रेल्वेतून चार्ली नावाचा एक प्रवासी १९४९ पासून फिरतो आहे. चढताना त्याच्या खिशात दहा सेंट होते, उतरायला आणखी पाच लागतात, म्हणून त्याला उतरता येत नाही. चार्ली काल्पनिक आहे. पाच सेंट मात्र खरे होते. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९४७ मध्ये तिथली रेल्वे आपल्या ताब्यात घेऊन एम.टी.ए. ही सरकारी संस्था काढली आणि लवकरच भाडे वाढवले. वाढीव भाड्यासाठी नवी यंत्रे बसवायची म्हणजे खर्च. त्यापेक्षा काही मार्गांवर वरचे पैसे उतरताना घ्यावेत, अशी युक्ती कुणा हिशेबनीसाला सुचली. आत स्वस्तात घ्यायचे आणि बाहेर सोडताना बिल लावायचे, ही पद्धत खाजगी रुग्णालयांना काही नवी वाटली नसती.

१९४९ मध्ये वॉल्टर ओब्रायन हे बोस्टनच्या महापौरपदाला उभे होते. त्यांचा पक्ष डावा, खिसा रिकामा. भाडेवाढीविरुद्ध प्रचारासाठी जॅकलिन स्टायनर आणि बेस लोमॅक्स हॉज या दोघींनी चार्लीचे गाणे रचले. चाल घेतली ती रेल्वे अपघातावरच्या एका जुन्या गाण्याची, विषयाला शोभणारीच. गाण्यात चार्लीची बायको रोज स्टेशनवर येऊन धावत्या गाडीच्या खिडकीतून त्याला सँडविच देते. सँडविचमध्येच पाच सेंट का घालत नाही, हा प्रश्न रसिकांनी वर्षानुवर्षे चघळला. संसार केलेल्यांना तो सहसा पडत नाही.

गाणे रुजले, उमेदवार सपशेल पडला. पुढे कम्युनिस्टांच्या शोधाचे दिवस आले, ओब्रायन यांच्यावर शिक्का बसला आणि ते मेन राज्यात जाऊन ग्रंथपाल झाले. १९५९ मध्ये किंग्स्टन ट्रिओ या लोकप्रिय त्रिकुटाने तेच गाणे ध्वनिमुद्रित केले, पण नको ती भानगड म्हणून गाण्यातल्या वॉल्टरचे जॉर्ज करून टाकले. २००६ मध्ये बोस्टनच्या वाहतूक संस्थेने नवे तिकीट-कार्ड काढले, तेव्हा त्याचे नाव ठेवले ‘चार्लीकार्ड’, आणि वर चार्लीचे चित्रही छापले. ज्याला आपण उतरू दिले नाही त्याच्याच नावाने तिकिटे विकायला वेगळ्या प्रकारची छाती लागते.

दुसरा नमुना क्लीव्हलंडचा. हार्वी पेकर (१९३९–२०१०) हा माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात फाइल क्लार्क होता. केसपेपर काढायचे, द्यायचे, परत आले की जागेवर लावायचे. हे काम त्याने २००१ मध्ये निवृत्त होईपर्यंत, तीन दशकांहून अधिक काळ केले आणि बढती दरवेळी नाकारली. बढती नाकारणारा सरकारी कर्मचारी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पेकरचे म्हणणे सरळ होते: पगार येतो, डोके मोकळे राहते. मोकळ्या डोक्यात जॅझ होते. जॅझवर तो १९५९ पासून समीक्षा लिहीत होता, आणि त्यातही सोप्या, गोड वाजवणाऱ्यांपेक्षा श्रोत्याला कोड्यात टाकणाऱ्यांकडे त्याचा ओढा.

जुन्या रेकॉर्डींच्या वेडापायीच १९६२ च्या सुमारास त्याची रॉबर्ट क्रम्बशी गट्टी जमली. क्रम्ब तेव्हा क्लीव्हलंडमध्ये शुभेच्छापत्रांच्या कंपनीत चित्रे काढायचा. पुढे अमेरिकेच्या भूमिगत कॉमिक्सचा तो सर्वांत गाजलेला चित्रकार झाला. कॉमिक्स म्हणजे उडणारे लोक आणि घट्ट चड्ड्या, या समजुतीवर पेकरचा राग होता. त्याला स्वतःला चित्र अजिबात येत नसे. चौकटी आखून त्यात तो काडीची माणसे काढायचा, खाली संवाद लिहायचा आणि कागद क्रम्बसारख्यांच्या हातात द्यायचा. १९७६ मध्ये त्याने पदरमोड करून ‘अमेरिकन स्प्लेंडर’चा पहिला अंक छापला. नावात वैभव, आत मात्र दुकानातली रांग, कचेरीतल्या गप्पा, एकटेपण, कटकट. एका कथेत तर नायक सुपरमार्केटच्या रांगेत म्हाताऱ्या बायकांच्या मागे उभा राहतो. एवढेच. रांगेत उभे राहिलेल्याला याहून थरारक काही लागत नाही.

जॉइस ब्रॅबनर ही डेलावेअरमधल्या एका कॉमिक्सच्या दुकानाची भागीदार. ‘अमेरिकन स्प्लेंडर’चा एक अंक तिला मिळाला नाही म्हणून तिने थेट लेखकालाच पत्र टाकले, आणि पत्रव्यवहाराचा शेवट लग्नात झाला. १९८६ पासून डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही कार्यक्रमात पेकरला बोलावणी येऊ लागली. त्याच्या तिरसटपणाला प्रेक्षक हसत. मग त्याने वाहिनीची मालकीण असलेल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीवरच त्या कार्यक्रमात तोंड सोडले. पाहुण्याचा तिरसटपणा मालकाकडे वळला की तो विनोदी राहत नाही; बोलावणी काही वर्षे थांबली.

१९९० मध्ये त्याला लिम्फोमा हा कर्करोग झाला. फाइली लावणाऱ्याची आता स्वतःचीच फाइल तयार झाली. नवरा-बायकोने मिळून लिहिलेले आणि फ्रँक स्टॅकने चितारलेले ‘अवर कॅन्सर इयर’ १९९४ मध्ये निघाले. त्यात केमोथेरपीने होणारी दैना आहे, आजूबाजूला घरखरेदीची आणि आखाती युद्धाची धांदल आहे, आणि रुग्ण पेकर हा शुश्रूषा करणाऱ्यांना किती छळतो याचीही नोंद आहे. धीरोदात्त रुग्णांच्या पुस्तकांनी वाकलेल्या कपाटात ते पुस्तक म्हणूनच वेगळे उठून दिसते. त्याला कॉमिक्समधला हार्वी पुरस्कार मिळाला; तो दुसऱ्याच हार्वीच्या नावाचा आहे.

२००३ मध्ये पेकरवर चित्रपट निघाला, पॉल जियामाटीने पेकर वठवला, आणि मधूनमधून खरा पेकर पडद्यावर येऊन आपल्याच गोष्टीवर शेरे मारून गेला. २००९ मध्ये सॅक्सोफोनवादक डॅन प्लॉन्सीच्या संगीतावर त्याने ओबरलिन इथे जॅझ-ऑपेरा सादर केला. विषय: प्रयोगशील कलावंताला घरातली माणसे काम का करू देत नाहीत. ऑपेऱ्याचे नाव होते ‘लीव्ह मी अलोन’.