फियाटचा पाय

थांबणं ही काही घाईची बाब नव्हे, असं आमच्या शेजारच्या आप्पांच्या फियाटचं जन्मापासूनचं मत. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असलेली. भडगावच्या बसस्टँडजवळ थांबायचं तर आप्पांचा पाय गिरणेच्या पुलावरच ब्रेककडे सरके. पहिला दाब म्हणजे गाडीला दिलेली सूचना, दुसरा स्मरणपत्र, आणि तिसऱ्या दाबाला प्रकरण मार्गी लागे. तेवढ्यात मागच्या सीटवरच्या पाहुण्याला कपाशीचा भाव, केळीचा भाव आणि दोन्ही का पडले याची कारणंही सांगून होत.

चारही चाकांना ड्रम ब्रेक. बंद डब्यात दोन शू फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासतात. सपाट रस्त्यावर हे कसं छान चालतं, पण घाटात ड्रम तापतो, तापून फुगतो, शूपासून लांब जातो आणि पायाखालचं पेडल खोल खोल जाऊ लागतं. लहानपणी या गाडीतून कन्नड घाट उतरताना आप्पा दुसऱ्या गिअरखेरीज पाऊल टाकत नसत, तरी अर्ध्या वाटेवर लायनर जळाल्याचा वास यायचाच. मग गाडी कडेला, चाकाखाली दगड, आणि काकूंच्या मांडीवर दशम्यांचा डबा. ब्रेक गार होईस्तोवर आम्ही शेंगदाण्याची चटणी बोटानं पुसून खायचो आणि खाली चाळीसगावकडे पसरलेला उन्हातला मुलूख पाहायचो. चांगल्या ब्रेकच्या गाडीतून पुढे तोच घाट अनेकदा उतरलो; डोंगर दिसले, पण पाहिले नाहीत.

गेल्या वर्षी आप्पांच्या पुण्याच्या मुलानं हट्ट धरला आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचं ठरलं. गाडीचं मूळपण जाईल, ही आप्पांची धास्ती. 2021 च्या केंद्रीय नियमांत पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायचं तर सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत फेरफार नको, असं आहे. ब्रेकचं नाव त्या यादीत नाही. हे कळल्यावर आप्पांचा चेहरा खुलला. खरं तर त्यांच्या गाडीला पन्नाशीला अजून अवकाश आहे, पण म्हातारपणाची सोय आधीच पाहिलेली बरी.

मिस्तरी मात्र काम मोठं आहे म्हणाला. ड्रममधला एक शू चाकाच्या फिरण्यानंच ओढला जाऊन आणखी आवळतो, म्हणजे ड्रम स्वतःच थोडी मदत करतो. डिस्कला दोन्हीकडून पॅड चिमटीत धरतात. तिथं फुकटची मदत नाही, सगळा जोर पायाचा. म्हणून सोबत बूस्टर आला, नवा मास्टर सिलिंडर आला, रबरी नळ्या आल्या. शेवटी लाइनमधली हवा काढायची वेळ झाली. मिस्तरी गाडीखाली, आप्पा आत. ‘दाबा... धरा... सोडा.’ बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडबुडे येत राहिले. आप्पा आपल्या जुन्या लयीत तीनदा दाबत होते; खालून आवाज आला, ‘आप्पा, हाई गाडी शे का बैल शे?’

गाडी आता एका दाबात थांबते. आप्पांचा पाय मात्र बदलून मिळाला नाही. तो अजून पुलावरच ब्रेककडे जातो आणि सूचना, स्मरणपत्र, निकाल असे तीन दाब देतो. त्यामुळे आतली मंडळी बसस्टँड येईपर्यंत तीनदा वाकून नमस्कार करतात. काकू म्हणतात, गावातल्या इतक्या लोकांनी आप्पांच्या डोळ्यांदेखत कधी मान तुकवली नव्हती.

तेव्हा भडगावकडे आलात आणि पुढे ही फियाट दिसली, तर हॉर्न वाजवू नका, अंतर ठेवा. ब्रेक नवे आहेत. मागचा लाल दिवा जुनाच आहे, आणि भर उन्हात तो दिसत नाही.