रिकामा वेळ चोरणाऱ्यास खुले पत्र



'कॅरिबियनमधला निवांत स्कूबा आठवडा' या नावाने तुम्ही छापलेला कार्यक्रम माझ्या मावसबहिणीने मला पाठवला. तिने आणि तिच्या नवऱ्याने या सुट्टीसाठी वर्षभर पैसे बाजूला टाकले आहेत. मी बरीच वर्षं डायव्हिंग करतो, म्हणून तिने विचारलं, "दादा, बेत चांगला आहे ना?" तिला उत्तर दिलं आहे. तेच तुम्हाला चारचौघांत देतो, कारण तुमचा हा कागद काही तिच्या एकटीच्याच घरी पोचलेला नाही.

कागद काय म्हणतो? मुंबईहून ॲम्स्टरडॅममार्गे अरुबा. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपची रपेट, दुपारी 'अँटिला' या बुडालेल्या जर्मन जहाजावर डाइव्ह. तिसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता क्युरासावचं विमान, उतरल्यावर विलेमस्टाडचं शहरदर्शन, दुपारी पुन्हा पाण्यात. चौथ्या दिवशी सकाळी बोनेरचं विमान. सातव्या दिवशी सकाळी ८ वाजता 'सॉल्ट पियर'वर निरोपाची डाइव्ह आणि दुपारी २ वाजता परतीचं उड्डाण. सात दिवसांत तीन बेटं बसवलीत आणि वर 'निवांत' असं छापलंत. हे छापताना कोणत्याही डायव्हरला एक फोन करावासा वाटला नाही?

वाटला असता, तर त्याने पहिला प्रश्न घड्याळाचा विचारला असता. २० मीटर खोलीवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब जमिनीवरच्या तिप्पट असतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळत जातो. डायव्हर सावकाश वर येतो, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतो, ते हा वायू हळूहळू फुप्फुसांवाटे निघून जावा म्हणून. पण तो सगळा तिथेच निघत नाही, पुढचे कित्येक तास अंगात राहतो. अशा माणसाला विमानात बसवलं की भोवतालचा दाब पुन्हा उतरतो, कारण प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरासारखी हवा असते. उरलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. तसं झालं की सांधे ठणकतात, हातपाय बधिर होतात, आणि हाच प्रकार मज्जारज्जूत झाला तर माणूस कायमचा अधू होऊ शकतो.

म्हणूनच 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेची सूचना जगभरचे डायव्हर पाळतात. एकच साधी डाइव्ह केली असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास, आणि दिवसातून अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास कोरडं राहायचं. बरेच जण पूर्ण २४ तास थांबतात. तुमच्या कागदावर शेवटची डाइव्ह आणि उड्डाण यांत जेमतेम सहा तास आहेत, त्यातही पाण्यातला वेळ धरायचा आहे. अरुबाला दुपारी ४ वाजता पाण्याबाहेर आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता हवेत असतो, म्हणजे १५ तास. 'ते तर छोटं विमान, अर्ध्या तासाचा प्रवास' असं तुमच्या कार्यालयातून उत्तर आलं. ही सूचना २,००० फुटांपासूनच्या उंचीला लागू होते, आणि वैमानिक किती उंचावरून जाणार हे मागे बसलेला डायव्हर ठरवत नाही. बोनेरच्या क्रालेंडाइक गावातल्या रुग्णालयात अशा त्रासावर उपचार करणारा दाबकक्ष आहे, हे खरं. पण विमान अटलांटिकवर असताना त्रास सुरू झाला, तर तो दाबकक्ष कोणाच्या उपयोगाचा?

दुसरा प्रश्न माणसांचा. 'अनुभवाची गरज नाही. मालवणला एकदा स्कूबा केलं असेल तर पुरे' हे वाक्य तुम्ही ठळक अक्षरांत छापलं आहे. मालवण-तारकर्लीला प्रशिक्षक आपल्याला धरून पाण्यात नेतो, मासे दाखवतो आणि वर आणतो. त्या पहिल्या ओळखीतून कित्येक मराठी माणसं समुद्राच्या प्रेमात पडली आहेत. पण टाकीतली हवा मोजणं, मुखवट्यात शिरलेलं पाणी काढणं, जोडीदाराची हवा संपली तर आपली देणं, यातलं काहीही त्या वेळी शिकवलेलं नसतं. ते शिकण्यासाठी तरणतलावातला सराव आणि खुल्या समुद्रातल्या चार डाइव्ह असा रीतसर अभ्यासक्रम आहे. तो पुरा केल्यावरही प्राथमिक परवानाधारकाने १८ मीटरच्या खाली जाऊ नये असा दंडक आहे. आणि तुम्ही पाचव्या दिवशी 'सर्वांसाठी' काय ठेवलंत? 'हिल्मा हूकर'! गांजासकट पकडलेलं आणि १२ सप्टेंबर १९८४ रोजी बुडालेलं हे ७० मीटरहून लांब जहाज सुमारे ३० मीटर खोल वाळूवर उजव्या कुशीवर पडलं आहे. ते पाहावं असंच आहे, पण त्याच्या तळाशी कोणी जायचं हे प्रशिक्षण ठरवतं. तुमच्या कागदावरची 'सर्वांसाठी' ही मोहर ते ठरवू शकत नाही.

तिसरा प्रश्न त्या बेटाचा, आणि मला सर्वांत जास्त राग याचा आहे. बोनेर म्हणजे तुम्हाला दोन उड्डाणांमधली जागा वाटते. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला जेमतेम तीनशे चौरस किलोमीटरचं हे बेट. पूर्वेकडून वारा सतत वाहतो, म्हणून पश्चिमेचा किनारा शांत असतो, आणि तिथे प्रवाळाची भिंत किनाऱ्यापासून काही मिनिटं पोहण्याइतक्या अंतरावर आहे. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर पिवळे रंगवलेले दगड दिसतात, एकेका दगडावर एकेका डाइव्हच्या जागेचं नाव. भाड्याच्या पिकअपमध्ये टाक्या टाकायच्या, आवडेल त्या दगडापाशी थांबायचं, सामान चढवायचं आणि चालत पाण्यात शिरायचं. ना बोटीची वेळ, ना शिट्टी. लाटा उठल्या असतील तर पुढच्या दगडाकडे जावं, कंटाळा आला तर झाडाखाली पडावं. डायव्हर जगभरातून इथे येतात ते या मोकळिकीसाठी. तुम्ही तिचे तासातासाचे तुकडे केलेत आणि चढ्या भावाने विकायला काढलेत.

हे प्रवाळ आपोआप टिकलेलं नाही. १९६२ साली कॅप्टन डॉन स्ट्युअर्ट नावाचा अमेरिकन खलाशी इथे आला आणि पुढे या समुद्राचा राखणदार झाला. १९७१ साली बेटाने भाल्याने मासे मारण्यावर बंदी घातली. १९७९ साली सागरी उद्यान स्थापन झालं. भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा समुद्र त्यात येतो. बोटींनी नांगर टाकून प्रवाळ फोडू नये म्हणून कायमचे बोये बसवले गेले. डायव्हरांना हातमोजे घालायला मनाई आहे, कारण हातात मोजे आले की माणूस प्रवाळाला धरतो. प्रवाळाला अपाय करणारी ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेली सनस्क्रीन २०२१ पासून बंद आहेत. निसर्ग शुल्क भरल्याशिवाय आणि ओळखीची पहिली डाइव्ह केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यातलं एक अक्षर तुमच्या कागदावर नाही. उलट 'बरोबर आणायच्या वस्तू' या यादीत तुम्ही हातमोजे लिहिलेत!

मार्च २०२३ मध्ये बोनेरच्या पाण्यात कठीण प्रवाळांची ऊती मारणारा रोग सापडला. शेकडो वर्षं वाढलेली वसाहत या रोगाने काही आठवड्यांत पांढरी पडू शकते. तो पाण्यातून पसरतो, म्हणून डायव्हरांना सामान जंतुनाशकाने धुऊन नीट वाळवायला सांगितलं जातं. आदल्या संध्याकाळचे ओले सूट पिशवीत कोंबून सकाळच्या विमानाने पुढच्या बेटावर उतरणाऱ्या तुमच्या पाहुण्यांनी ते कधी धुवायचे आणि कुठे वाळवायचे?

खरा बेत कसा असतो, तेही सांगतो. एकच बेट, सात रात्री. मुंबई आणि बोनेरच्या घड्याळांत साडेनऊ तासांचा फरक आहे आणि वाटेत दोन लांबलचक उड्डाणं, तेव्हा पोचल्यावर झोप आणि भरपूर पाणी. दुसऱ्या दिवशी शुल्क भरणं, नियम ऐकून घेणं, आणि मुक्कामाच्या जागेसमोरच्या प्रवाळावर पाण्याखाली जाताना बांधायचं वजन नीट बेतून घेण्यासाठी उथळ डाइव्ह. पुढे दिवसाला दोन डाइव्ह. आधी खोल, मग उथळ. आठवड्याच्या मध्यावर एक कोरडा दिवस, वॉशिंग्टन स्लागबाइ उद्यानासाठी आणि रोहित पक्ष्यांसाठी. शेवटचा पूर्ण दिवस पुन्हा कोरडा. त्या दिवशी सामान वाळतं, शरीरातला वायू निघून जातो, आणि दक्षिणेला मिठागरांच्या कडेला गुलामांसाठी १८५० साली बांधलेल्या, माणसाला ताठ उभं राहता येणार नाही अशा दगडी खोपट्या पाहता येतात. या बेटाच्या मिठाची किंमत कोणी मोजली, हे परतण्याआधी प्रत्येक पाहुण्याने पाहायला हवं.

कार्यक्रमात रिकामा दिवस दिसला की गिऱ्हाईक 'त्या दिवशी काय?' असं विचारेल, ही तुमची भीती मला समजते. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला शिका. त्या दिवशी तुमचं शरीर परतीच्या विमानासाठी तयार होतं, हे एवढं सोपं वाक्य आहे. डायव्हिंगमध्ये रिकामा वेळ हा टाकी आणि तिच्यातली हवा श्वासासाठी पुरवणाऱ्या रेग्युलेटरइतकाच जीव राखणारा असतो. तो कापून तुम्ही गिऱ्हाइकाला जादा काही दिलेलं नाही, त्याच्या अंगावरचं एक साधन उतरवून घेतलं आहे.

म्हणून चार मागण्या. हा कार्यक्रम आजच मागे घ्या. ज्यांचे पैसे घेतलेत त्या प्रत्येकाला स्वतः फोन करून शेवटची डाइव्ह रद्द झाल्याचं आणि का झाल्याचं सांगा. बेटं कमी केल्यामुळे कोणी पैसे परत मागितले तर मुकाट्याने द्या. आणि इथून पुढे पाण्याखालच्या सहलीचा एकही कागद प्रशिक्षित डायव्हरने तपासून सही केल्याशिवाय छापू नका. पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर तुमचा कागद आणि हे पत्र शेजारी शेजारी लावून ओळखीच्या प्रत्येक डायव्हिंग केंद्रात देईन.

कळावे,
एक डायव्हर