पृष्ठ क्रमांकवाले सर

प्रत्येक मराठी विभागात प्रबंध मागून वाचणारे एक सर असतातच. विद्यार्थिनीनं चार वर्षं रक्त आटवून नवकथेवर साडेतीनशे पानं लिहिलेली असतात. सर पहिल्या पानावरचं अर्पणपत्रिकेतलं स्वतःचं नावसुद्धा न बघता थेट संदर्भसूची उघडतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "सत्यकथा. कुठली?"

"सर, मासिक सत्यकथा."

"मासिक होतं ते ठाऊक आहे हो मला. १९३३ ते १९८२ निघत होतं. त्यातला कुठला महिना घेऊ मी?"

पुस्तकांच्या बाबतीत सर उदार आहेत. लेखक, प्रकाशक, साल असलं की झालं. मासिकाचं तसं नाही. ग्रंथालयात बारा अंक एकत्र बांधायला जातात, बाइंडर मुखपृष्ठं आणि जाहिराती निर्विकारपणे काढून टाकतो, आणि महिना नेमका मुखपृष्ठावरच छापलेला असतो. त्यात काही मासिकांचे पानांचे आकडे वर्षभर सलग चालायचे. त्यामुळे ऐंशी पानी अंकातला लेख पृष्ठ ६१२ वर सापडतो आणि विद्यार्थी ते छपाईची चूक समजून १२ करतात. जुन्या अंकांवर तर शके असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढं सगळ्यांना येतं. पण अंक जानेवारी ते मार्चमधला असेल तर ७९ मिळवायचे असतात, हे फक्त सरांना येतं. या एका वर्षाच्या फरकावर त्यांनी एक मौखिक परीक्षा पाऊण तास रोखून धरली होती. बहिःस्थ परीक्षकांची गाडी चुकली. सर म्हणाले, "गाडी दुसरी मिळते."

टोपणनाव आलं की सरांना विशेष हुरूप येतो. 'ललित'मधलं ठणठणपाळचं सदर सूचीत 'ठ'खाली लावायचं की जयवंत दळवी म्हणून 'द'खाली? "छापलंय ठणठणपाळ, तर ठणठणपाळ. दळवी चौकटी कंसात." हा निवाडा एका विद्यार्थ्यानं शिरोधार्य मानला, पण टंकताना मधे जागा सोडली. सॉफ्टवेअरनं इमानेइतबारे आडनाव पुढे आणलं आणि सूचीत 'पाळ, ठणठण' असे एक नवे समीक्षक जन्माला आले. सरांनी लाल शाईनं विचारलं, 'हे कुठले पाळ?'

अलीकडे विद्यापीठानं संदर्भ देण्याच्या परदेशी पद्धती सक्तीच्या केल्यापासून सरांचा रक्तदाब जरा वाढलेला असतो. एपीएवाल्यांना मासिकाचं साल आधी आणि महिना नंतर हवा, तोही लेखकाच्या नावाला खेटून. एमएलएवाले तारीख मागे नेऊन ठेवतात. दोघांनाही मासिकाचं नाव तिरप्या अक्षरांत हवं. देवनागरी तिरपी केली की सगळ्या वेलांट्या वाऱ्यावर निघाल्यासारख्या दिसतात, पण ते चालतं. सरांचा खरा राग शिकागोवर. मासिकाला तारीख पुरे, वर्ष आणि अंक दिला नाही तरी चालेल, असं ते लोक म्हणतात.

"चालेल? आणि दिवाळी अंकाला कुठली तारीख घालू? नरकचतुर्दशी?"

यावर शिकागोकडे उत्तर असेलसं वाटत नाही. 'मासिक मनोरंजन'नं १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी साहित्याचा निम्मा ऐवज कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात, कधी जोड अंकात पडलेला आहे, आणि सरांसारखा माणूस नसेल तर तो तिथंच राहायचा. विद्यार्थी मागून कितीही नावं ठेवोत, अडले की त्यांच्याच दारात उभे असतात.

वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली नियम केले, दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य पोटात घातलं. सरांना हे टक्के मान्य नाहीत. शिवाय जुनी मासिकं बरीचशी अजून साम्य शोधणाऱ्या यंत्राच्या पोटात गेलेलीच नाहीत. यंत्रानं स्वच्छ ठरवलेला एक परिच्छेद सरांनी नुसता कानानं पकडला. "ही वाक्यं तुझी नाहीत. एका परिच्छेदात तीनदा 'किंबहुना' लिहायची तुझ्या पिढीची ताकद नाही."

घरी वहिनींनी वरच्या मजल्यावरच्या भांडणाची बातमी सांगितली तरी "स्वतः ऐकलंत की दुय्यम स्रोत?" असा प्रश्न येतो. वहिनींनी बातम्या सांगणं सोडलंय.

परवा सरांना परदेशातून एका संशोधक मुलीचा फोन आला. तिला 'विविधज्ञानविस्तारा'तला एक लेख हवा होता. शं. ग. दात्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेली नियतकालिकांची सूची तिनं पाहिली होती, मासिक सापडलं होतं, अंक सापडत नव्हता. सरांनी डोळे मिटले आणि वर्ष, अंक, पृष्ठं, कुठल्या ग्रंथालयाच्या कुठल्या कपाटात, खालून कितव्या फळीवर, ते कपाट उघडायला कोणत्या शिपायाला गाठायचं आणि तो जेवायला कधी जातो, सगळं सांगितलं. पोरगी गहिवरली. म्हणाली, "सर, थोडक्यात सांगाल का, लेखात म्हटलंय काय?"

"म्हटलंय?" सर जरा थांबले. "सोळा पानं आहेत. दहाव्याला वाळवी लागलीय. म्हटलंय काय ते तुम्ही वाचा आणि मला कळवा. पृष्ठ क्रमांकासकट."