वायू एकच, भाव दोन

पूर्व आफ्रिकेत, मोझांबिकच्या किनाऱ्यासमोर रोवुमा नावाचं खोरं आहे. तिथल्या ‘एरिया १’ या ब्लॉकमध्ये फेब्रुवारी २०१० मध्ये अनादार्को या अमेरिकी कंपनीला वायू लागला. पुढच्या विहिरी खोदल्या तसा अंदाज वाढत वाढत ७५ लाख कोटी घनफुटांपर्यंत गेला. या ब्लॉकमध्ये इतरांबरोबर दोन हिस्सेदार असे होते, ज्यांची गोष्ट पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या प्रत्येक डिमॅट खातेदाराने ऐकायला हवी. साडेआठ टक्के हिस्सा लंडनच्या कोव्ह एनर्जी या छोट्या कंपनीचा होता. दहा टक्के व्हिडिओकॉनचे. होय, पैठण रस्त्यावरच्या चितेगावात टीव्ही बनवणाऱ्या आपल्या व्हिडिओकॉनचे.

२०१२ साली कोव्हसाठी शेल आणि थायलंडची पीटीटीईपी यांच्यात चढाओढ लागली. शेलने माघार घेतली आणि पीटीटीईपीने शेअरमागे २४० पेन्स, म्हणजे एकूण सुमारे १२२ कोटी पौंड मोजले. पैसे भागधारकांच्या हातात पडले. पुढच्याच वर्षी, जून २०१३ मध्ये, व्हिडिओकॉनने आपला हिस्सा ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडिया यांना २४७.५ कोटी डॉलरला विकण्याचा करार केला आणि जानेवारी २०१४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. टक्क्यामागे भाव काढला, तर व्हिडिओकॉनला कोव्हपेक्षा थोडा जास्तच मिळाला.

मग व्हिडिओकॉनच्या भागधारकाचं काय झालं? २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. समूहाच्या तेरा कंपन्यांवर देणेकऱ्यांचे मान्य झालेले दावे ६४ हजार कोटी रुपयांच्या वर होते. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने मंजूर केलेली योजना २,९६२ कोटींची होती. म्हणजे शंभर रुपयांच्या दाव्याला जेमतेम चार रुपये. आणि शेअरधारकाला? काहीही नाही. जानेवारी २०२२ मध्ये अपिलात ही योजना रद्द झाली, पण त्यामुळे सामान्य भागधारकाचे बुडालेले पैसे परत आले नाहीत.

वायू एकच, समुद्र एकच, खोदणारी कंपनीही एकच. तरी लंडनचा भागधारक श्रीमंत झाला आणि संभाजीनगरचा, पुण्याचा, पिंपरीचा भागधारक धुऊन निघाला.

व्हिडिओकॉन ही निव्वळ तेलशोधक कंपनी नव्हती, हे मान्य. पण मुद्दा तोच आहे. कोव्हकडे पूर्व आफ्रिकेतल्या तेल-वायूच्या हिश्श्यांपलीकडे दुसरा धंदा नव्हता, आणि खरेदीदाराने थेट भागधारकांकडून शेअर घेतले. इकडे हिस्सा कंपनीने विकला, पैसा कंपनीत आला आणि कंपनीच्या दारात बँका आधीपासून उभ्या होत्या. टीव्ही, फ्रिज, मोबाइल सेवा, डीटीएच असा सगळा पसारा बँकांच्या कर्जावर चालला होता. जमिनीखाली काय आहे याची किंमत बाजाराने बरोबर ओळखली होती. त्या किमतीतला किती हिस्सा भागधारकापर्यंत पोहोचेल, हे पाहायचं राहून गेलं.

हे सगळं आज लिहायचं कारण आपल्याच पट्ट्यात आहे. वेतनकरार झाला की एरिअर्स येतात. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम येते. भोसरीतल्या लहान कारखानदाराचं अडकलेलं बिल सुटतं. नेमक्या त्याच आठवड्यात मोबाइलवर निरोप येतो, ‘अमुक तेल कंपनीला मोठा साठा लागला, शेअर अजून चाळीस रुपयांतच आहे’. ज्या माणसाने आयुष्यभर व्हर्नियर कॅलिपरने मोजल्याशिवाय पार्ट पुढे सोडला नाही, तो माणूस या निरोपावर दोन लाख रुपये सोडतो. मला याचा राग येतो. त्या माणसाचा नाही, निरोप पाठवणाऱ्याचा. गुंतवणुकीचा सल्ला विकायला सेबीची नोंदणी लागते आणि हे निरोप पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे ती नसते.

खरं तर तपासणीची रीत आपल्या लोकांइतकी कुणालाच येत नाही. नवा व्हेंडर आला आणि म्हणाला, ‘माझ्या अंगणात वीस टन पोलाद पडलंय’, तर चाकणचा परचेसवाला त्याला ऑर्डर देईल का? तो विचारेल, मशीन कोणती, मंजूर झालेलं सॅम्पल कुठे, रिजेक्शन किती, महिन्याचं शेड्यूल पेलणार का, आणि कच्च्या मालाचे पैसे कुणी गुंतवलेत. तेल कंपनीलाही हेच प्रश्न विचारायचे आहेत. फक्त तिथे त्यांची नावं वेगळी आहेत.

पहिला प्रश्न साठ्याचा. जून २००५ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यात गुजरात राज्य पेट्रोलियम महामंडळाला २० लाख कोटी घनफूट वायू लागल्याची घोषणा तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी केली. नंतर मंजूर झालेल्या विकास आराखड्यात हा आकडा साधारण दहाव्या हिश्श्यावर आला. प्रचंड दाब आणि तापमान यांत महामंडळाचं कर्ज वीस हजार कोटींच्या घरात गेलं. अखेर २०१७ साली ओएनजीसीने त्या ब्लॉकमधला ऐंशी टक्के हिस्सा सुमारे ७,७३८ कोटी रुपयांना घेतला. गुजरातचं महामंडळ ही सरकारी कंपनी होती आणि शेअर बाजारात नव्हती, म्हणून तोटा तिजोरीने सोसला. हेच एखाद्या छोट्या नोंदणीकृत कंपनीत झालं असतं तर एरिअर्सवाले झोपले असते.

म्हणून ‘खडकात असलेलं तेल’ आणि ‘काढता येणारं तेल’ हे दोन आकडे वेगळे वाचा. खडकातलं सगळं तेल वर येत नाही. चांगल्या क्षेत्रातही साधारण तिसरा हिस्सा निघाला तरी समाधान मानतात. काढता येणाऱ्या तेलाच्याही तीन पायऱ्या असतात. किमान नव्वद टक्के खात्री असेल तर तो सिद्ध साठा. त्यात संभाव्य साठा मिळवला की येणारा आकडा गाठण्याची शक्यता निम्मी. आणखी पुढची, केवळ शक्य असलेली बेरीज केली की शक्यता दहा टक्क्यांवर येते. जाहिरातीत नेहमी ही तिसरी बेरीज छापलेली असते. सिद्ध साठ्याचा आकडा अहवालाच्या आतल्या पानांत बारीक टाइपात सापडतो. तोही कंपनीने स्वतः काढलाय की डिगॉलियर अँड मॅकनॉटनसारख्या बाहेरच्या तपासनीसाने, ते बघा. आणि हा आकडा संपूर्ण क्षेत्राचा आहे की कंपनीच्या वाट्याचा, तेही.

आता भाव काढू. समजा, एका कंपनीच्या सगळ्या शेअरची मिळून बाजारातली किंमत २०० कोटी आहे. कर्ज ३०० कोटी, हातातली रोकड ५० कोटी. तर तुम्ही विकत घेताय तो धंदा २०० कोटींचा नाही, ४५० कोटींचा आहे. तिच्या वाट्याचं सिद्ध तेल ३० लाख बॅरल असेल, तर जमिनीतल्या प्रत्येक बॅरलला तुम्ही १,५०० रुपये मोजताय. ते बॅरल वर काढायचा खर्च, वाहतूक आणि सरकारचा वाटा वजा जाता या १,५०० रुपयांपेक्षा जास्त हातात राहील का? राहत असेल तर पुढे बोला. शेजारच्या ब्लॉकमध्ये कुणी हिस्सा विकला असेल तर तो भाव सर्वांत विश्वासाचा, कारण तिथे कुणीतरी आपले खरे पैसे मोजलेले असतात.

उत्पन्नाच्या पटीत भाव काढायची सवय इथे घातक आहे. कारखान्यातली मशीन उद्याही पार्ट देईल, विहीर मात्र दर वर्षी कमी देते. राजस्थानच्या क्षेत्रांतून दहा-बारा वर्षांपूर्वी दिवसाला दोन लाख बॅरलच्या आसपास तेल निघायचं, आता एक लाखाच्याही खाली आहे. नफ्याच्या चारपट भावाने मिळणारा शेअर स्वस्त वाटतो, पण साठाच तीन वर्षांचा उरला असेल तर तो महाग आहे.

याच राजस्थानची चांगली बाजूही सांगायला हवी, कारण छोट्या तेल कंपन्या म्हणजे सगळी फसवणूक, असं माझं म्हणणं नाही. बाडमेरच्या ब्लॉकमधून शेलने अंग काढून घेतलं आणि एडिनबराच्या केर्न एनर्जीने तो हिस्सा सत्तर लाख डॉलरच्या आसपास घेतला. जानेवारी २००४ मध्ये मंगला क्षेत्र सापडलं. केर्नच्या भागधारकांचं सोनं झालं. पण तेल मेणासारखं गोठणारं, म्हणून शेकडो किलोमीटर तापवलेली पाइपलाइन टाकावी लागली. पहिलं तेल ऑगस्ट २००९ मध्ये निघालं. इतक्या मोठ्या साठ्यालासुद्धा साडेपाच वर्षं लागली.

आणि लहान साठ्याला? मुंबईजवळच्या समुद्रातलं बी-८० क्षेत्र घ्या. ते आधीच सापडलेलं होतं. सरकारने २०१६ साली काढलेल्या छोट्या क्षेत्रांच्या लिलावात ते हिंदुस्तान ऑइल एक्सप्लोरेशन आणि तिच्या भागीदाराला मिळालं. मार्च २०१७ मध्ये करार झाला आणि तेल यायला २०२२ उजाडलं. शोधायचं काही नव्हतं, तरी पाच वर्षं गेली. या पाच वर्षांचा खर्च कुठून येतो? कर्जातून, नाहीतर नवे शेअर काढून. नवे शेअर निघाले की साठा तेवढाच राहतो आणि तुमचा हिस्सा बारीक होतो. म्हणून पाच वर्षांपूर्वी कंपनीचे किती शेअर होते आणि आज किती आहेत, हा आकडा शेअरच्या भावाआधी बघा.

सरकारच्या वाट्याचंही तसंच. जुलै २०२२ मध्ये केंद्राने देशी कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचा जादा कर लावला. बातमी वाचून लोकांनी सरसकट सगळ्यांना एका पारड्यात घातलं. त्याच आदेशात आदल्या वर्षी वीस लाख बॅरलपेक्षा कमी तेल काढणाऱ्यांना सूट होती, म्हणजे बहुतेक छोट्या कंपन्या त्यातून सुटल्या होत्या. तो कर डिसेंबर २०२४ मध्ये गेलासुद्धा. आदेश वाचणाऱ्याला जे दिसलं ते मथळा वाचणाऱ्याला दिसलं नाही.

तेलाच्या भावाबद्दल आपल्या फोर्जिंगवाल्यांना मी काय सांगावं? २०१४ च्या जूनमध्ये बॅरलला ११५ डॉलर होते, जानेवारी २०१६ मध्ये तीसच्याही खाली. अमेरिकेत तेलासाठी खोदणारे रिग ऑक्टोबर २०१४ मध्ये १,६०९ होते, मे २०१६ मध्ये ३१६ उरले. अमेरिकी तेलक्षेत्राला सुटे भाग पुरवणाऱ्या भारत फोर्जलासुद्धा याची झळ बसली. मोठी कंपनी दुसऱ्या धंद्यावर तग धरते. एकच क्षेत्र असलेल्या छोट्या तेल कंपनीला दुसरा धंदा नसतो. म्हणून तिचा हिशेब ऐंशी डॉलरवर जमत असेल, तर तो पन्नास डॉलरवर मांडून बघा. तिथेही कर्जाचे हप्ते फिटत असतील तरच ती टिकेल.

कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तो इंग्रजीत असतो, ही अडचण खरी आहे. कारखान्याच्या अकाउंट्समधल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला गुरुवारच्या सुट्टीत बरोबर घ्या आणि सिद्ध साठा, कर्ज, रोकड, शेअरची संख्या आणि पहिल्या तेलाची तारीख एवढ्यांवर पेन्सिलीने खूण करा. यातली एक जरी गोष्ट त्या अहवालात सापडली नाही, तर तो शेअर घेऊ नका आणि एरिअर्स घराच्या कर्जात भरा.