कागदोपत्री निर्व्यसनी

महाराष्ट्र व्यसनमुक्त झाला, हे सरकारने अजून जाहीर केलेले नाही. पण त्याचा लेखी पुरावा तयार आहे आणि तो आयुर्विम्याच्या प्रस्ताव अर्जांत पडून आहे. ‘तंबाखूचे कोणत्याही स्वरूपात सेवन करता काय?’ या प्रश्नापुढे आपल्याकडे ‘नाही’ ज्या सहजतेने उमटते, तेवढ्या सहजतेने विरक्ती संतांनाही साधली नसेल. या पुराव्याला आडवी जाते ती केंद्राच्या आरोग्य खात्याची २०१६-१७ची पाहणी. तिच्यानुसार राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेतात. म्हणजे चारांत एक, आणि वर थोडे. त्यातही विडी-सिगारेट ओढणारे जेमतेम ३.८ टक्के; बाकी बहुतेक कारभार बिनधुराचा, मळून, चघळून, दाढेखाली धरून किंवा मशेरी लावून चाललेला. पुरुषांत हे प्रमाण ३५.५ टक्के, बायकांत १७. ही सारी माणसे पाहणीवाल्यांसमोर खरे बोलली, कारण पाहणीवाले हप्ता वाढवत नाहीत.

बदलापूर गावात तर तंबाखू लपवायची रीतच नाही. स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षात, फलाटावर आणि तिथून सीएसएमटीपर्यंतच्या ६८ किलोमीटरांत तळहातावर अंगठा फिरतच असतो. ज्याचे आडनाव ठाऊक नाही, ज्याच्याशी कालच सीटवरून भांडण झाले, त्याच्याकडेही चिमूटभर मागता येते आणि तो देतोही. शेजारच्या अंबरनाथने विम्कोच्या कारखान्यातून वर्षानुवर्षे काडेपेट्या पुरवल्या, पण इथल्या व्यसनाला काडीचीही गरज पडत नाही. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालचा असा आदेश एका वेळी वर्षभरच टिकतो, म्हणून बंदी लॅप्स होऊ नये याची काळजी सरकार दरवर्षी घेते. पुडी मिळू नये याची काळजी कोण घेते, ते टपरीवाल्यालाच विचारावे. सारांश, आपला माणूस तंबाखू खातो हे बायकोला, पोरांना, साहेबाला, लोकलमधल्या सगळ्या ग्रुपला आणि जिन्याच्या कोपऱ्यालाही ठाऊक असते. ज्याला ठाऊक नाही असा एकच, तो म्हणजे त्याच्या मरणावर पन्नास लाख लावून बसलेली विमा कंपनी.

अर्जातला तंबाखूचा हा प्रश्न कंपन्यांनी भोचकपणाने घातलेला नाही. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलने धूम्रपानाचे दुष्परिणाम सांगणारा अहवाल काढला आणि त्याच वर्षी तिथल्या एका कंपनीने न ओढणाऱ्यांना हप्त्यात सवलत दिली. पुढे जगभर तोच हिशेब रुजला. आपल्याकडे शुद्ध मुदत विम्यात, म्हणजे टर्म प्लॅनमध्ये, तंबाखूवाल्याचा हप्ता बऱ्याचदा दीडपटीच्या आसपास जातो. तेव्हा ‘नाही’ या दोन अक्षरांची किंमत वर्षाला काही हजार रुपये असते, आणि तेवढ्या भावात आपण नेहमी याहून मोठे खोटे बोलतो. शिवाय सोबतीला एजंट असतो. तो बहुधा घरचाच, भाचा नाहीतर साडूचा मुलगा. ‘काका, इथे नाहीच लिहितो, उगाच मेडिकलची भानगड नको,’ असे तो म्हणतो आणि काका दाढेखालचा बार सांभाळत, मान डोलावून सही करतात. विमा नियामकाच्या आचारसंहितेत असे आहे की ग्राहकाच्या घातक सवयी दिसल्या तर एजंटाने त्या गोपनीय अहवालातून कंपनीला कळवायच्या. भाचा ती संहिता इतक्या निष्ठेने पाळतो की सवय गोपनीयच राहते.

इथपर्यंत सगळे खूश. कंपनीला पॉलिसी मिळाली, एजंटाला कमिशन मिळाले आणि काकांना आपण एवढ्या मोठ्या कंपनीला चुना लावल्याचे समाधान मिळाले. हा चुना कुणाला लागला ते मात्र काका असेपर्यंत कळायचे नसते. विमा कायद्याचे कलम ४५ हे २०१५ साली बदलले. आता पॉलिसीला तीन वर्षे झाली की कंपनीला तिच्यावर कोणत्याही कारणाने बोट ठेवता येत नाही, पण त्या तीन वर्षांच्या आत माणूस गेला तर सगळा कागद उकरता येतो. चुकीची माहिती दिली एवढेच ठरले तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत मिळतात. फसवणूक ठरली तर तेही नाहीत. आणि याच कलमात एक वाक्य असे आहे की ते प्रत्येक विमाधारकाच्या घरात फ्रेम करून लावावे: विमाधारक हयात नसेल, तर फसवणूक झाली नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी वारसांवर. म्हणजे थाप मारायची काकांनी आणि ती थाप नव्हती हे पटवायचे काकूंनी. ज्या बाईने वीस वर्षे ‘सोडा हो ती तंबाखू’ म्हणून डोके आपटले, तिनेच आता नवऱ्याच्या निर्व्यसनीपणाची साक्ष काढायची.

आणि विरुद्ध बाजूचा साक्षीदार कोण, तर काका स्वतः. माणूस एजंटाशी खोटे बोलतो, बायकोशी अर्धे खरे बोलतो, पण तोंडातली जखम भरत नाही म्हणून परळच्या टाटा रुग्णालयाच्या रांगेत बसला की त्याला एकदम सत्याचा साक्षात्कार होतो. डॉक्टर विचारतात, ‘तंबाखू किती वर्षं?’ आणि उत्तर येते, ‘वीस वर्षं, दिवसाला दोन पुड्या.’ केस पेपरवर ते तसेच लिहिले जाते. ते तिथे सांगितलेच पाहिजे, उपचार त्यावर ठरतात. पण दाव्याची चौकशी करणारा माणूसही पहिल्यांदा तोच केस पेपर मागतो. एका कागदावर ‘नाही’, दुसऱ्यावर ‘वीस वर्षं’ आणि दोन्हींवर काकांचीच माहिती! यापुढे वकिलाला फार डोके चालवावे लागत नाही.

यावर चार शहाणे आक्षेप घेतील, आणि ते बिनबुडाचे नाहीत. पहिला असा की तीन वर्षेच काढायची आहेत ना, मग काढू. खरे आहे, काढली तर कायदा खोट्यालाही संरक्षण देतो. पण आपण तीन वर्षे हमखास जगणार याची ज्याला खात्री आहे, त्याला विम्याची घाई कसली? विमा घ्यायचा तो खात्री नसते म्हणून, आणि अर्ज भरायचा तो खात्री असल्यासारखा, हे गणित कुठल्याही वहीत बसत नाही. दुसरा आक्षेप मृत्यूच्या कारणाचा: माणूस लोकलमधून पडून गेला तर तंबाखूचा काय संबंध? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली अशाच प्रश्नात वारसाची बाजू घेतली होती. मणक्याचे दुखणे लपवले होते, मृत्यू हृदयविकाराने झाला होता, आणि दावा मान्य झाला. पण त्याच न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दारूची सवय लपवणाऱ्याच्या आरोग्य विम्याचा दावा नाकारणे योग्य ठरवले. मणका हप्ता ठरवत नाही, व्यसन ठरवते. तिसरा आक्षेप वकिली आणि सर्वांत दमदार आहे. कलम ४५ म्हणते की चुकीच्या माहितीमुळे दावा नाकारायचा तर, ती ठाऊक असती तर पॉलिसीच दिली नसती, हे कंपनीने दाखवावे. तंबाखूवाल्याला तर पॉलिसी देतातच, फक्त महाग. मुद्दा बिनतोड वाटतो. अमेरिकेत अडीच लाख डॉलरच्या पॉलिसीवर हाच युक्तिवाद झाला होता. तिथल्या अपील न्यायालयाने १९८८ साली सांगितले की जास्त हप्त्याने दिली असती एवढेही पुरे, पॉलिसी रद्द. आपला कायदा वेगळा आहे आणि इथे काकू कदाचित जिंकतीलही. पण जिंकण्यासाठी त्यांना आधी ग्राहक आयोगाची पायरी चढावी लागेल, तारखा घ्याव्या लागतील आणि त्या काळात फ्लॅटचा हप्ता बँक माफ करणार नाही. विमा घेतला होता तो हे सगळे टळावे म्हणूनच.

चौथा आक्षेप नैतिक आहे आणि तो ऐकायला फार गोड लागतो: कंपन्या तरी कुठे धुतल्या तांदळाच्या? देशातली सर्वांत मोठी आयुर्विमा संस्था सिगारेट विकणाऱ्या आयटीसीत सुमारे १५ टक्क्यांची भागीदार आहे. तंबाखूने झालेल्या तोंडाच्या कर्करोगात पती, माजी मंत्री सतीश पेडणेकर, यांना गमावलेल्या सुमित्रा पेडणेकर यांनी इतर काहींसह २०१७ साली याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. एका हाताने सिगारेटचा लाभांश घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने तंबाखूचा जादा हप्ता, यापेक्षा चोख दुहेरी उत्पन्न मारवाड्यालाही सुचले नसते, असे कुणी म्हटले तर त्याला उत्तर नाही. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष चुकतो. आपण वाचवलेले हजार रुपये त्या संस्थेच्या तिजोरीतून जात नाहीत. ते त्याच इमारतीतल्या, आयुष्यात सुपारीही न खाल्लेल्या शेजाऱ्याच्या हप्त्यातून जातात, कारण जोखीम सगळ्यांची मिळून मोजलेली असते. कंपनीचा दुटप्पीपणा उघडा पाडायचा तर न्यायालय आहे, संसद आहे, वर्तमानपत्रे आहेत. स्वतःच्या विधवेच्या नावाने तो उघडा पाडणे ही फार महागडी चळवळ झाली.

आता ‘टेस्ट’ची गोष्ट. निकोटिन शरीरात मोडले की कोटिनिन उरते आणि ते लघवीत काही दिवस सापडते. काही टर्म प्लॅनमध्ये ही तपासणी निगेटिव्ह आली तरच कमी दर मिळतो. यावर टपरीवर तोडगा तयार आहे: आठ दिवस बंद ठेव, नमुना दे, बाहेर येऊन बार भर. तोडगा चालतो, पण त्याने फक्त त्या आठ दिवसांचा दाखला मिळतो. अर्जातला प्रश्न त्यामागच्या वर्षांचाही असतो. आणि जो माणूस हप्त्यातल्या काही हजारांसाठी आठ दिवस तंबाखूवाचून राहू शकतो, तो नवव्या दिवशी असहाय व्यसनी कसा होतो, हे वैद्यकशास्त्राला पडलेले कोडे आहे.

कंपन्यांनाही एक काम आहे. ‘स्मोकर की नॉन-स्मोकर’ हा प्रश्न ज्या राज्यात ओढणाऱ्यांच्या सहापट माणसे तंबाखू बिनधुराची घेतात, तिथे थापेला उत्तेजन देतो. ‘मी ओढत नाही, फक्त मळतो’ म्हणणाऱ्याला आपण खोटे बोललो असे वाटतच नाही. मराठी अर्जात तंबाखू, मावा, गुटखा, खर्रा आणि मशेरी अशी नावे घेऊन विचारा आणि एजंटाला ते मोठ्याने वाचायला लावा. वाचकांना एवढेच सांगणे की अर्ज बायकोसमोर भरा. पुढे तो सिद्ध तिलाच करायचा आहे. पॉलिसीसोबत अर्जाची प्रत येते, ती वाचा. उत्तर चुकले असेल तर कंपनीला आजच लेखी कळवा आणि पोच घ्या. नवी पॉलिसी असेल तर ती परत करून खऱ्या उत्तराने घ्यायला तीस दिवसांची मुदत आहे. हप्ता वाढेल. तो परवडत नसेल तर तंबाखू सोडा. ती सोडायला कुठलाही अर्ज भरावा लागत नाही.