सार्वजनिक नाना

सार्वजनिक सभेच्या १८७० सालच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या गणेश वासुदेव जोशी यांना पुणेकरांनी ‘सार्वजनिक काका’ ही पदवी बहाल केली, तेव्हापासून या शहराच्या पेठांतून त्या पदवीचे किरकोळ वारसदार पिढ्यानपिढ्या निपजत आले आहेत. आणि आमचे नाना हे त्या वारसदारांपैकी बहुधा सर्वांत कष्टाळू व निःसंशय सर्वांत दुर्मीळ होत. दुर्मीळ अशासाठी की, ते घरी सापडत नाहीत. नारायण पेठेतील एका वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत त्यांचे वास्तव्य आहे, हे शिधापत्रिकेवरून कायदेशीर सिद्ध करता येईल; परंतु प्रत्यक्ष वहिवाटीचा पुरावा मागितल्यास खुंटीवरची छत्री तेवढी दाखल करावी लागेल, आणि तीही कोणी तरी मागून नेलेली असते.

कोणाच्या आत्याबाईंना ससूनमध्ये खाट मिळवून द्यावी, कोणाच्या पुतणीची पत्रिका नाशिककडच्या स्थळाला पोचवावी, वाचनालयाचे इतिवृत्त लिहावे, मयत झाल्यास भटजींपासून गोवऱ्यांपर्यंत तजवीज करून वैकुंठापर्यंत सोबत करावी, आणि तेथून परतताना वाटेत गणपतीची वर्गणीही वसूल करावी, असा हा दिनक्रम कचेरी सुटल्यापासून रात्रीच्या दहापर्यंत अखंड चालतो. ‘नानांना नाही म्हणताच येत नाही,’ असे सारी पेठ कौतुकाने सांगते. हे साफ खोटे आहे. त्यांच्या पत्नीला, माईंना, ते दिवसातून अनेकदा नाही म्हणतात, आणि तेही पायात वहाणा सरकवता सरकवता.

माझी कैफियत एवढीच की, नाना जो वेळ मुक्तहस्ताने वाटतात त्याच्या सातबाऱ्यावर त्यांचे एकट्याचे नाव नाही. दानपत्र नाना करतात आणि जप्ती माईंच्या संध्याकाळींवर येते. बरे, स्वतःसाठी राखलेला वेळ तरी त्यांना मानवावा! एका रविवारी दुपारपर्यंत कोणीही हाक मारावयास आले नाही, तेव्हा हा गृहस्थ तीन बिऱ्हाडांच्या दारांत जाऊन ‘सगळे खुशाल ना?’ असे विचारून आला, आणि सगळे खुशाल आहेत असे कळल्यावर अगदी खिन्न मुद्रेने जेवायला बसला.

या बाबतीत त्यांना छेडले की ते महर्षी कर्व्यांचा दाखला देतात. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून अण्णा हिंगण्याच्या आश्रमाची वाट पायी तुडवीत, त्यांनी कधी घराकडे पाहिले काय, असा त्यांचा सवाल असतो. माई यावर वाद घालीत नाहीत. अण्णांच्या पत्नी आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ त्यांनी त्याच वाचनालयातून, नानांच्याच सहीने, आणून वाचले आहे. तेव्हा थोर पुरुषाच्या घरी तेल-मिठाची विवंचना कोणी करावयाची असते हे त्या जाणून आहेत.

आणि तरीही, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेचे पाणी पेठांत शिरले तेव्हाचे नाना ज्याने पाहिले, त्याला त्यांची टवाळी करताना जीभ आवरावी लागते. धोतराचा काचा मारून त्यांनी शेजारच्या वाड्यांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवर घेऊन जिने चढवले. पाणी ओसरल्यावर अंगभर चिखल घेऊन ते घरी आले, तो ट्रंक, देव्हारा, धान्याचे डबे, सारे वरच्या मजल्यावर सुखरूप. नाना सद्गदित झाले. ‘हे सगळे कोणी हो चढवले? त्यांच्याकडे आभार मानायला जायला हवे,’ असे म्हणून ते पुन्हा वहाणा शोधू लागले. माईंनी त्या दिवशी काय उत्तर दिले ते मला ठाऊक आहे, पण ते छापण्याजोगे नाही.

त्यानंतर मात्र माईंनी तक्रारीचे दप्तर कायमचे बंद केले आणि एक राजनीती अवलंबिली. घरचे दळण सांगितले की ‘उद्या बघू’, पण शेजारच्या काकूंनी डबा पुढे केला की नाना तो तत्क्षणी खांद्यावर घेतात, हे त्यांनी हेरून ठेवले होते. आणि शेजारचे अप्पाही याच पंथाचे, त्यामुळे काकूंचाही अनुभव अक्षरशः तोच. तेव्हा दोघींनी आपसांत तह करून डब्यांची अदलाबदल मुक्रर केली. आता दर शनिवारी माईंचे गहू अप्पा नेतात, काकूंची ज्वारी नाना नेतात, दोन्ही घरी ताजे पीठ वेळेवर येते. आणि गिरणीच्या दारात गाठ पडली की हे दोघे परोपकारी पुरुष, आपल्या घरासाठी एवढी तोशीस सोसल्याबद्दल, एकमेकांचे मनःपूर्वक आभार मानतात.